मस्टर आणि मैदान

महाराष्ट्रातल्या शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि थंडी सरत येईपर्यंत चालतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय अशी ही चढण, आणि १४, १७ व १९ वर्षांखालील असे तीन वयोगट. नेमक्या याच महिन्यांत सरकारी कचेऱ्यांचाही हंगाम असतो. सप्टेंबरात अतिवृष्टीचे पंचनामे, गणपती-नवरात्रात बंदोबस्त, डिसेंबरात नागपूरचे हिवाळी अधिवेशन, आणि मध्येच कुठली तरी निवडणूक. दोन्ही वेळापत्रके एकाच सरकारची आहेत. एक क्रीडा खात्याकडून निघते, दुसरे बाकीच्या सगळ्या खात्यांकडून. ज्या घरात आई किंवा वडील सरकारी नोकरीत आणि मूल मैदानावर, त्या घरात ती एकमेकांवर आदळतात. मग एक तर पालकाची रजा संपते, नाही तर मुलाचा मोसम वाया जातो.

याकडे आजवर सुट्या सुट्या तक्रारी म्हणूनच पाहिले गेले. साहेबांनी रजा नाकारली, ऐन मोसमात बदली झाली, प्रमाणपत्राची पडताळणी अडकली. या तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या की मागचे कारण एकच असल्याचे दिसते. खेळाडू घडवण्याचे धोरण आखणारे सरकार आणि खेळाडूच्या आईवडिलांना नोकरीवर ठेवणारे सरकार यांची एकाही फाइलवर गाठ पडत नाही. मी स्वतः राज्य शासनाच्या सेवेत आहे आणि माझी मुलगी आठशे मीटर धावते. त्यामुळे या विषयात मी त्रयस्थ नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

सुरुवात वेळेपासून करायला हवी, कारण बाकीचे बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यातल्या शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याच्या बदल्यात रोजचे काम वाढले आणि वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा अशी झाली. शनिवार मोकळा मिळाला हे खेळाडूच्या घरासाठी मोठेच सुख आहे. जिल्हा संघटनांच्या आणि क्लबांच्या पुष्कळ स्पर्धा शनिवार-रविवारी असतात, तिथे आता जाता येते. पण संध्याकाळ हातची गेली. मैदानावरचा सराव साडेपाच-सहाला सुरू होतो. सव्वासहाला कार्यालयातून निघणारा माणूस मुलाला तिथे कसा पोहोचवणार? मंत्रालयातून निघून लोकलने विरार किंवा बदलापूर गाठेपर्यंत तर सराव संपून मुले घरी परतलेली असतात.

उरते ती पहाट. पाचला उठायचे, मुलाला ट्रॅकवर सोडायचे, सातला घेऊन यायचे, डबे भरायचे, शाळेत पाठवायचे आणि पावणेदहाला बायोमेट्रिकवर बोट ठेवायचे. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा गेली, हे प्रत्येक कार्यालयात सगळ्यांना पाठ असते. आणि किरकोळ रजा वर्षाला आठच. घरातले आजारपण, बँकेची कामे, गावाकडची लग्ने आणि सुतके, सगळे त्या आठांत बसवायचे. एका राज्यस्तरीय स्पर्धेला जाण्या-येण्यासकट चार-पाच दिवस सहज लागतात. मूल जिल्ह्यातून विभागावर आणि विभागातून राज्यावर गेले की आनंदाच्या त्याच क्षणी पालकाच्या मनात रजेचा हिशेब सुरू होतो. ही गोष्ट मला फार दुखावणारी वाटते.

अर्जित रजा असतात, हे खरे. १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशा वर्षाला ३० दिवस खात्यात जमा होतात. पण ती रजा आधी अर्ज करून मंजूर करून घ्यावी लागते, आणि शालेय स्पर्धेची तारीख पालकाला तेवढी आधी कळतच नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचे पत्र शाळेकडे जाते, शाळेतून क्रीडाशिक्षकाच्या व्हॉट्सॲप गटावर आणि तिथून पालकाकडे. हातात कित्येकदा दोन-तीन दिवसच उरतात. पाऊस झाला, मैदान ओले राहिले की स्पर्धा पुढे ढकलल्याचा निरोप आदल्या रात्री येतो, आणि मंजूर करून घेतलेली रजा भलत्याच दिवसाची ठरते. मग पुन्हा अर्ज, पुन्हा तोच प्रश्न: "तारीख एकदा नक्की सांगा." वरिष्ठांचा हा प्रश्न वाजवी आहे. पालकाजवळ त्याचे उत्तर नसते, कारण ते ज्या खात्याजवळ आहे ते खाते पालकाशी बोलत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती मंजूर करणाऱ्याच्या स्वेच्छाधीन आहे. एकेका कर्मचाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन टेबलांचा कार्यभार असताना त्या अधिकाऱ्याला मोकळ्या मनाने सही करणे अवघड जाते. पदे रिक्त असणे हा प्रशासनाचा प्रश्न म्हणून नेहमी मांडला जातो. त्याचा भार मैदानावरच्या मुलापर्यंत पोहोचतो, हे मात्र कुणी मांडत नाही.

त्यातच मुख्यालयाची अट. रविवारी परजिल्ह्यात जायचे तरी मुख्यालय सोडण्याची परवानगी घ्यावी लागते. पावसाळ्यात आपत्ती व्यवस्थापनाचे आदेश निघाले की ही परवानगीही थांबते. सुट्टी असूनही पालक मुलाच्या सामन्याला जाऊ शकत नाही, हे खासगी नोकरीतल्या शेजाऱ्याला समजावून सांगणे कठीण असते.

बालसंगोपन रजेचे नाव इथे हटकून निघते. राज्य शासनाने २०१८ मध्ये ती लागू केली: संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. माझ्यासारख्या अनेक आयांना तिने आधार दिला आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण तिचे दार बापांना जवळजवळ बंद आहे. पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल अशा काही अपवादांतच पुरुष कर्मचाऱ्याला ती मिळते. मैदानावर पाहिले तर पहाटे स्कूटरवरून मुलांना घेऊन येणाऱ्यांत वडीलच अधिक दिसतात. मूल वाढवणे म्हणजे आईने घरी थांबणे, या एकाच कल्पनेवर तो आदेश उभा आहे. मुलीला सराव शिबिराला सोडायला जाणारा बाप त्या आदेशाच्या नजरेत येत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना हीच रजा ७३० दिवस मिळते आणि तिथे २०१८ मध्ये एकल पुरुष पालकांनाही तिचा लाभ दिला गेला. एकाच मैदानावर बसलेल्या दोन आयांपैकी एक आयकर खात्यातली आणि दुसरी पंचायत समितीतली असेल, तर त्यांच्या हाती असलेल्या दिवसांत चौपट फरक आहे.

एक विसंगती मला वारंवार खटकते. कर्मचारी स्वतः खेळाडू असेल आणि त्याची अधिकृत स्पर्धेसाठी निवड झाली, तर त्याला विशेष नैमित्तिक रजा मिळण्याची सोय आहे. महसूल आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडा स्पर्धा दरवर्षी हौसेने भरतात, आणि भरायलाच हव्यात. म्हणजे खेळासाठी काही दिवस सोडता येतात, हे शासनाला मान्य आहे. फक्त खेळणारा जेव्हा १३ वर्षांचा असतो आणि त्याला एकट्याने लातूरहून अमरावतीला जाता येत नाही, तेव्हा ही मान्यता संपते.

सरकारी कर्मचारी म्हटले की डोळ्यांसमोर कारकून येतो, पण ही कोंडी खात्यागणिक वेगळी असते. तलाठ्याला, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अतिवृष्टीनंतर शेतांच्या बांधावर उभे राहून पंचनामे करावे लागतात, आणि जिल्हास्तराच्या स्पर्धा त्याच आठवड्यांत असतात. पोलीस शिपायाची तर गोष्टच निराळी. गणेशोत्सव, ईद, नवरात्र, सभा, मोर्चे. साप्ताहिक सुट्टी कधी मिळेल हे त्यालाही ठाऊक नसते. मुलाने पदक जिंकल्याचा फोन बंदोबस्ताच्या जागी घेणारे कितीतरी पोलीस या राज्यात आहेत. सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेला पाळी बदलून मिळू शकते, पण त्या बदलीत दुसऱ्या कुणाची रात्र जाते. ती भीड तिला वर्षभर फेडावी लागते. शिक्षकांना मेची सुट्टी असते, उन्हाळी शिबिरांना त्यांची मुले जाऊ शकतात. पण मोसमाच्या दिवसांत वर्ग सोडता येत नाही, आणि दुसऱ्यांच्या मुलांचा संघ घेऊन गेलेल्या शिक्षकाला स्वतःच्या मुलीची शर्यत चुकते, असेही घडते.

निवडणुकीपुढे सगळेच सारखे. लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली कर्मचाऱ्यांच्या सेवा घेतल्या जातात आणि आदेश आला की सबब चालत नाही. गेल्या विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले. त्याआधीची प्रशिक्षणे, साहित्यवाटप, नंतरची मोजणी धरली तर तो महिना पूर्ण त्यातच गेला, आणि तोच ऐन स्पर्धांचा काळ. लोकशाहीचे हे काम आम्ही मनापासून करतो. आमची मागणी एवढीच, की निवडणुकीच्या महिन्यात स्पर्धांच्या तारखा ठरवताना क्रीडा खात्याने तिकडेही पाहावे. संघासोबत जाणारे क्रीडाशिक्षकही शेवटी मतदान केंद्रावरच असतात.

मूल एकटे संघाबरोबर जाते तेव्हा काय होते, हेही इथे सांगायला हवे. राज्य स्पर्धेला आलेल्या मुलांची सोय शाळेच्या वर्गखोल्यांत, मंगल कार्यालयांत, वसतिगृहांत केली जाते. काही ठिकाणी उत्तम होते, काही ठिकाणी मुली स्वच्छतागृहासाठी रांगेत ताटकळतात. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक हवी, पण शाळेत महिला क्रीडाशिक्षकच नसली तर कुणा विषयशिक्षिकेला गळ घालावी लागते. तीही बिचारी स्वतःचे घर सोडून जाते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला अशा प्रवासाला पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो. तिला सोबत जायचे असते ते मुलीचे लाड करायला नव्हे. पाळी आली तर, ताप आला तर, शर्यतीआधी खाणे मिळाले नाही तर काय, ही काळजी असते. पालक फार मध्ये पडतात अशी तक्रार प्रशिक्षक करतात, आणि ती अनेकदा खरीही असते. पण सोबत जाणे आणि मध्ये पडणे यांत अंतर आहे.

वेळेच्या प्रश्नाला निदान दरवर्षी नवी संधी असते. बदलीचा घाव मात्र खोल जातो. २००५ चा बदल्यांचे विनियमन करणारा कायदा १ जुलै २००६ पासून अंमलात आला. पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा, आणि बदल्या साधारणपणे एप्रिल-मेमध्ये. वर्षाच्या मध्येच लहरीने होणाऱ्या बदल्यांना त्याने लगाम घातला. एके काळी पावसाळ्यातही बिऱ्हाड हलवावे लागे, ते कमी झाले. पण तीन वर्षे हा काळ प्रशासनाच्या गरजेतून आला आहे. धावपटू, जिम्नॅस्ट किंवा नेमबाज घडायला एका प्रशिक्षकाच्या हाताखाली सहा-आठ वर्षे लागतात. मूल दहाव्या वर्षी खेळू लागते, तेराव्या वर्षी पालकाची बदली होते, आणि नव्या गावात तो खेळच नसतो. मग घरातले एक जण मुलाबरोबर जुन्या गावी राहते आणि दुसरे खोली घेऊन एकटे. पती-पत्नी एकत्रीकरणासाठी विनंती बदली मागता येते. आई मुलीजवळ आणि वडील चारशे किलोमीटरवर अशा घराने काय मागायचे, याला अर्जात रकाना नाही.

बदली नेहमी वाईटच असते असे मात्र नाही. सायना नेहवालचे वडील शासकीय कृषी संशोधन सेवेतले शास्त्रज्ञ. नोकरीमुळे कुटुंब हरियाणातून हैदराबादला आले तेव्हा सायना आठेक वर्षांची होती, आणि बॅडमिंटनचे शिक्षण तिला त्या शहरात मिळाले. पहाटे स्कूटरवरून तिला पंचवीसेक किलोमीटरवरच्या लाल बहादूर स्टेडियमवर नेणारे वडील आणि मागे बसून पेंगणारी मुलगी, ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. बदली मैदानाच्या दिशेने झाली तर लंडन २०१२ चे कांस्यपदक घडते. आपल्याकडे मैदाने ज्या दिशेला आहेत त्या दिशेने बदली मागणारे इतके असतात, की तिथे जागाच उरत नाही.

मैदाने कुठे आहेत, हा भूगोल एकदा डोळ्यांखालून घातला पाहिजे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, आणि आजही राज्याच्या क्रीडाजीवनाचे केंद्र तेच आहे. गडचिरोलीहून ती आठशे किलोमीटरांहून दूर आहे. तालुक्या-तालुक्यांत क्रीडा संकुले बांधायचे धोरण शासनाने घेतले, २०२२ मध्ये तालुका संकुलासाठीची अनुदान मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली. हे चांगलेच झाले. पण संकुल म्हणजे भिंत, छप्पर आणि कुंपण. त्यात रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभा राहणारा प्रशिक्षक नसेल तर त्याचे सभागृह होते आणि लग्नाला भाड्याने जाते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर स्वतंत्र क्रीडाशिक्षकच नसतो. शासनाची निवासी क्रीडा प्रबोधिनी ही या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट आहे. मूल तिथे निवडले गेले की पालकाच्या बदलीचा आणि सव्वासहाच्या वेळेचा फटका त्याला बसत नाही.

स्वप्नील कुसाळे याचेच उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. वडील शिक्षक, आई पुढे गावची सरपंच. २००९ मध्ये वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातले, तिथे त्याने नेमबाजी निवडली. काडतुसे महाग, त्यासाठी वडिलांनी कर्ज काढले. २०१५ मध्ये तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते आले एका शिक्षकाच्या घरातून आणि शासनाच्या प्रबोधिनीतून. पदकानंतर रेल्वेने त्याला बढती दिली, राज्याने बक्षीस जाहीर केले. मला मात्र मधल्या पंधरा वर्षांचे वाटते. बक्षीस शेवटी मिळते, पण काडतुसांचे पैसे आधी लागतात.

पैशाचा प्रश्न इथे येतो, आणि त्यात एक पिढीचा फरक आहे ज्याची चर्चा निवृत्तिवेतनाच्या गदारोळात हरवली. सायनाच्या वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून मुलीच्या खेळावर घातले. आमच्या आधीच्या पिढीतल्या सरकारी नोकराचा मोठ्या खर्चाच्या वेळचा हाच आधार होता: जीपीएफचा अग्रिम घ्यायचा, हप्त्यांनी फेडायचा. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य सेवेत आलेल्यांना, काही अपवाद सोडले तर, हे खातेच नाही. मार्च २०२३ मधल्या संपात आम्ही म्हातारपणाबद्दल बोललो, ते बरोबरच होते. पण या पिढीची मुले आज १० ते १८ वर्षांची आहेत, म्हणजे हीच पिढी आज क्रीडापालक आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून अंशतः रक्कम काढता येते, तीही स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि ठरावीक कारणांसाठी: मुलांचे उच्च शिक्षण, लग्न, घर, गंभीर आजार. खेळ त्या यादीत नाही. स्पाइक्स, रायफल, रॅकेट, आहार, फिजिओ, दुसऱ्या शहरातले वसतिगृह यांपैकी कशालाही त्यात जागा नाही. पतसंस्थेचे कर्ज हाच मार्ग उरतो, आणि पगारातून कपात सुरू होते.

दुसरीकडे, जोडउत्पन्नाचा रस्ता बंद आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे खासगी धंदा वा नोकरी पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही, वर्गणी गोळा करण्यावर आणि भेटी स्वीकारण्यावरही बंधने आहेत. हे नियम हवेतच. भ्रष्टाचार रोखायला ते आहेत. पण शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या गुणी मुलासाठी गाव उघडपणे मदत उभी करू शकते, व्यापारी पुरस्कर्ता मिळू शकतो. तहसील कार्यालयातल्या लिपिकाने असा पैसा घेतला, तर देणाऱ्याचे काम उद्या त्याच्याच टेबलावर येईल ही शंका राहते. प्रामाणिक कर्मचारी म्हणूनच मागत नाही. १९५२ मध्ये राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांसाठी घर गहाण ठेवले होते. अशी माणसे भेटण्यावर मुलाचे भवितव्य अवलंबून असावे का?

छोटे दिलासे आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे लागते, त्यामुळे मुलगी आणि आई दोघींचा प्रवास एका तिकिटात होतो. खेळणाऱ्या मुलींच्या घरांत या सवलतीचे मोल किती आहे, हे एसटी महामंडळालाही कदाचित ठाऊक नसेल.

मग कुणी विचारेल, एवढे सोसून पालक मुलांना खेळवतात कशाला? पदकाची स्वप्ने थोड्यांना असतात. अनेकांच्या मनात शासकीय सेवेतले ५ टक्के खेळाडू आरक्षण असते. २००५ च्या शासन निर्णयाने ते आले, १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याचे निकष नव्याने ठरले. स्वतः सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला त्या नोकरीची किंमत कळते, म्हणून मुलालाही तो रस्ता दिसावा असे त्याला वाटते. यात कमीपणा काही नाही. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुणही याच हिशेबात असतात. पण या आरक्षणाला बोगस प्रमाणपत्रांची कीड लागली. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची खोटी प्रमाणपत्रे घेऊन लोक नोकरीला लागल्याचे उघड झाले, चौकशा झाल्या, पडताळणी कडक झाली. ती कडक व्हायलाच हवी होती. त्याची झळ मात्र खऱ्या खेळाडूला बसते. विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात पडताळणीचा अर्ज, स्पर्धेचा मूळ अहवाल, संघटनेची मान्यता, सहभागी संघांची संख्या, एकेक कागद गोळा करायचा. एकाच खेळाच्या दोन संघटना असल्या आणि त्यांतली एक न्यायालयात गेलेली असली, तर मुलाने घाम गाळून मिळवलेले पदक कोणत्या संघटनेच्या स्पर्धेतले, यावर त्याचे भवितव्य ठरते. दुसऱ्यांच्या फाइली रोज हाताळणारा पालक इथे स्वतः अर्जदार म्हणून रांगेत उभा राहतो, आणि त्यासाठीही रजाच टाकतो.

मोठ्या खेळाडूंच्या घरांकडे पाहिले की या सगळ्याची उत्तरे घराघराने स्वतःची शोधलेली दिसतात. सचिन तेंडुलकरची आई आयुर्विमा महामंडळात नोकरीला, वडील प्राध्यापक. वांद्र्याहून शाळा आणि शिवाजी पार्क यांची ये-जा मुलाला झेपेना, तेव्हा तो शिवाजी पार्कला काका-काकूंकडे राहू लागला. पी. व्ही. सिंधूचे वडील रेल्वेत, स्वतः आशियाई पदकविजेते व्हॉलीबॉलपटू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्यांनी मुलीच्या सरावासाठी आठ महिने रजा घेतली. २०२२ मध्ये कैरोत एअर रायफलचा जगज्जेता झालेल्या रुद्रांक्ष पाटीलचे वडील पोलीस दलात आणि आई परिवहन विभागात अधिकारी. काका-काकूंचे घर, खेळ जाणणारे खाते, घरातच असलेली समज. यांतले काहीतरी प्रत्येकाजवळ होते. ज्यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते ती मुले १५-१६ व्या वर्षी दहावीच्या अभ्यासाचे कारण सांगून थांबली, आणि त्यांची नोंद कुठेही नाही. या प्रश्नाचा खरा आकार त्या न झालेल्या नोंदींत आहे, असे मला वाटते.

करता येण्याजोगे बरेच आहे, आणि त्यातले पुष्कळसे बिनखर्चाचे आहे. जिल्ह्याच्या स्पर्धांचे वेळापत्रक जूनमध्ये, पावसाने वाया जाणारे दिवस धरून, जाहीर झाले तर अर्जित रजेचा अर्ज वेळेत देता येईल. सर्वांत जास्त फरक एवढ्यानेच पडेल. विभाग, राज्य आणि राष्ट्रीय स्तरावर निवड झालेल्या अल्पवयीन खेळाडूच्या एका पालकाला, आई असो की वडील, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या पत्रावर वर्षाला दहा दिवस विशेष नैमित्तिक रजा द्यावी. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत आजार, अपंगत्व, पती-पत्नी एकत्रीकरण यांसाठी विशेष संवर्ग आहेतच. राज्यस्तरावर खेळणाऱ्या मुलाच्या पालकाला, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत, तसे एखादे स्थान देता येईल. बदल्यांच्या कायद्यातही विशेष कारणे लेखी नोंदवून आणि वरिष्ठांच्या मान्यतेने अपवाद करण्याची तरतूद आहे, म्हणजे त्यासाठी विधिमंडळात जावे लागणार नाही. प्रमाणपत्र स्पर्धा संपताच नोंदवहीत चढून त्याच वेळी पडताळले गेले, तर दहा वर्षांनी जुने अहवाल शोधत फिरणे थांबेल आणि बोगसगिरीलाही जागा उरणार नाही.

उद्या नृत्याच्या, संगीताच्या, बुद्धिबळाच्या पालकांनीही मागितले तर, असा आक्षेप येईल. बुद्धिबळ खेळच आहे, त्यालाही मिळावे. बाकीच्यांचाही विचार जरूर व्हावा. पण एखाद्या तालुक्यातल्या सगळ्या सरकारी कार्यालयांत मिळून राज्यस्तरावर खेळणारी मुले असतील तरी किती? कामकाज अडेल इतकी तर नक्कीच नाहीत. अशा आदेशासाठी सामान्य प्रशासन विभाग आणि क्रीडा विभाग यांना एकाच टिप्पणीवर सह्या कराव्या लागतील. त्या मेअखेरपर्यंत झाल्या, तर येत्या तालुका स्पर्धांपासूनच पालकांना रजेच्या अर्जात खरे कारण लिहिता येईल.